स्कीममधला समुद्र

दहा हजार पोती सिमेंट विकलं
तेव्हा कंपनीनं समुद्र दिला.
चार रात्री, पाच दिवस, दोघांना, जेवणासकट.
उदगीरच्या दुकानात शटरच्या आत
अजून लटकलंय ते पोस्टर:
पांढरंशुभ्र जहाज, आणि खाली ह्यांचं नाव,
वैजनाथचं वैद्यनाथ करून छापलेलं.

नळ आमच्याकडं आठव्या दिवशी येतो.
निघायच्या पहाटे नेमका आला
म्हणून आधी टाकी भरली, दोन पिंपं, घागरी,
पातेली, कुकरसुद्धा.
मग समुद्र बघायला गेले.

जहाज म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय.
बाराला जेवण, चारला केक, रात्री अकराला नूडल्स.
गळ्यात पट्टे घातलेले डीलर ताटं घेऊन रांगेत,
देगलूरचे, अहमदपूरचे, थेट किनवटचे,
आणि चहूकडं एवढं पाणी
ज्यात मूठभर डाळ शिजणार नाही.
मी पिशवीतून शेंगाची चटणी काढली
तर चार टेबलांवरून हात आले.
हे कठड्याला टेकून हिशेब मांडत होते,
एका लाटेला साधारण किती पोती पडली.

गोव्यात कुणीतरी वाटीत गुलाबी दिलं.
वाटलं गुलाबाचं सरबत.
घोट घेतला तर आंबट, खारट, लसणाचं,
एखाद्या मऊ बाईनं अचानक खरं बोलावं तसं.
दुसरी वाटी मागून घेतली.

गळ्यात इष्टलिंग, त्यामुळं बंदरोबंदरी
एकच प्रश्न घेऊन फिरले:
ह्यात मासा नाही ना?
कोचीच्या माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं,
नाही अम्मा, नारळ.
नळीतून पुट्टू ढकलला त्यानं पानावर,
हे म्हणाले, बघ, आपला काँक्रीट टेस्टचा साचा!

मधलं मंगळुरू मी मुद्दाम मागं ठेवलंय.

बस सगळ्यांना घेऊन मॉलमध्ये गेली,
मी डोकं दुखतंय म्हणून राहिले.
मासळीबाजाराच्या मागं, नाकाला पदर लावून चालताना
पत्र्याच्या खोलीत एक बाई दिसली, दोसे घालणारी.
दोसे पांढरे, झिरझिरीत,
चार घड्या घातलेल्या मलमलीच्या रुमालासारखे.
तिनं मान वर न करता विचारलं,
"ऊटा आय्ता?"

जेवलीस का.

माझी आई भालकीची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
ती "आतेनु" म्हणायची, ही "आय्ता" म्हणाली,
तेवढा फरक कान सोडून देतो.
सासरी ती भाषा कुणाला येत नाही,
माझ्याकडं उरलीय मांजर हाकलण्यापुरती.
मी म्हणलं, "इल्ला."
खोटं होतं. जहाजावर दोनदा जेवून आले होते.

सुगंधी तिचं नाव.
नीर म्हणजे पाणी, तिनं मला समजावून सांगितलं,
मीही नवीन ऐकल्यासारखं ऐकलं.
सात दोसे खाल्ले, गूळखोबऱ्याशी.
पैसे तिनं चोख घेतले,
सुटे नव्हते म्हणून आठवा दोसा दिला.
तोवर ह्यांचे सहा फोन येऊन गेले होते.

आता घरी तांदूळ भिजवते, वाटते,
पाण्यासारखं पातळ करते, आणि दोसा
तव्यावरनं फाटूनच निघतो.
शमशाद आपा म्हणतात, धिरडं बिघडलंय, दुसरं काय.
मी आमच्या बोअरच्या पाण्याला दोष देते.

ह्या वर्षी टार्गेट पंधरा हजार. सिंगापूर आहे म्हणे.
आज दुपारी गाडी आली, पोती उतरत होती.
औरादचा संगप्पा, भुवयांवर सिमेंट,
पापण्यांवर सिमेंट,
दहा हजारांतली निम्मी तरी ह्याच पाठीवरनं गेली असतील.
तोंडातून माझ्या निघून गेलं,
"ऊटा आतेनु?"

पोतं न उतरवताच त्यानं वर बघितलं.
"आयत री, अक्का."
झालं, म्हणाला.

हेही खोटंच असणार.
मी आत जाऊन तवा ठेवला.
फाटतील तर फाटू देत.